घरात कोणीच नव्हतं

समोर असताना मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. बत्तीस वर्षांत ते तोंडात पक्कं बसलंय, आता बदलणार नाही. इथे तो समोर नाही, म्हणून ‘तो’ म्हणते. रागाच्या भरात लिहितेय असं कोणी म्हटलं तर खुशाल म्हणावं. राग आहेच.

माझं माहेर घोडपदेवचं. वडील गोदीत कामाला होते. मे महिन्यात आम्ही गावी जायचो, मालवणच्या पुढे. घरामागे पायऱ्यांची मोठी विहीर होती. माझे दोन्ही भाऊ, चुलत भाऊ, सगळे सकाळी उठल्यापासून तिच्यात उड्या मारायचे. काका एकेकाच्या कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधायचे आणि ढकलून द्यायचे. आठ दिवसांत नारळ सुटायचे नि पोरगा पोहायला लागायचा. मी वरच्या पायरीवर सगळ्यांचे शर्ट सांभाळत बसायचे. एकदा काकीला विचारलं, मला कधी शिकवणार? काकी हसायलाच लागली. “चेडवांनी खय बावडीत उडये मारूचे असतत?” चेडवां म्हणजे आम्ही मुली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तिच्या दृष्टीने मी गंमतच केली होती.

त्यानंतर पोहण्याचा विचार माझ्या डोक्यात कित्येक वर्षं आला नाही. बी.कॉम. झाले, फोर्टला विम्याच्या ऑफिसात लागले, लग्न होऊन दादरला आले. सासरची माणसं दोन पिढ्या ऑफिसांत काम करणारी. सासूबाई स्वच्छ, ठाशीव बोलायच्या. मी “मी बोलली” म्हटलं की त्या पानातून मान वर न करता “म्हणाले” एवढंच म्हणायच्या. सहा महिन्यांत मी सुधारले. माहेरी गेले की आई म्हणायची, काय गं, शाळेतल्या बाईंसारखी बोलतेस.

एक्कावन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे सोडायचं ठरलं. सासूबाईंना दिसायला कमी झालं होतं, एकटं ठेवणं बरं नव्हतं. रविवारी नणंद गिरगावातून आली होती. ती आणि नवरा हॉलमध्ये बोलत होते आणि मी आत चहा करत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ठरलेलं होतं. नणंद नवऱ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. ती म्हणाली, “वहिनी, तुम्हाला आता धावपळ झेपत नाही, असं हा म्हणत होता.” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “तसंही तुझं प्रमोशन काही होणार नाहीये.” प्रमोशन होणार होतं की नाही हे मला माहीत नाही. त्यालाही माहीत नव्हतं.

दोन वर्षं मी घरात होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग एके दिवशी सासूबाईंची औषधं घेऊन येताना पालिकेच्या तरणतलावाच्या फाटकावर फळा दिसला. महिलांची बॅच, सकाळी अकरा ते बारा. त्या रस्त्याने मी पंचवीस वर्षं जात होते, आत कधी डोकावले नव्हते. त्या दिवशी का गेले, सांगता येत नाही. आत क्लोरीनचा वास होता आणि एक साठीची बाई उताणी पडून पाण्यावर तरंगत होती, डोळे मिटून, दोन्ही हात पसरून. तिला कसली घाई नव्हती. मी औषधांची पिशवी हातात धरून दहा मिनिटं तिच्याकडे बघत उभी राहिले. निघताना फॉर्म घेतला.

आमच्या डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट आणलं. बाजारात जाऊन गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा काळा कॉस्च्यूम घेतला. दुकानदाराने विचारलं, “मुलीसाठी? उंची किती तिची?” मी म्हटलं, “माझ्यासाठी. उंची समोर आहे.” घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपर वाचत होता. तो हसला, काकी हसली तसाच. “आता? या वयात? बरं, बुडलीस तर मला कळवायला सांग.” सासूबाईंनी विचारलं, अंगावर काय घालतात? मी कॉस्च्यूम त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, “बरा जाड आहे.” ती परवानगी आहे असं मी धरून चालले.

साडेदहापर्यंत मी सगळं आवरायचे. सासूबाईंची आंघोळ, त्यांचं नाचणीचं सत्त्व, दोन्ही वेळच्या भाज्या, कणीक मळून झाकलेली. नवरा ऑफिसला गेलेला असायचा. समोरच्या काकू तासभर सासूबाईंजवळ येऊन बसायच्या, त्यांनाही गप्पा हव्या असायच्या. मी चालत बारा मिनिटांत तलावावर.

पहिला आठवडा आम्हाला कडेचा दांडा धरून पाय मारायला लावलं. शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या, आवाज खणखणीत. “गुडघ्यातून नाही, मांडीतून मारा पाय! ताई, तुम्ही सायकल चालवताय!” मग तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. ते मला आठ दिवस जमेना. डोकं पाण्याखाली गेलं की छातीत धडधडायचं आणि मी खोकत उभी राहायचे. आमच्या बॅचमध्ये बारा-तेरा जणी होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याहून लहान. कोणी हसलं नाही. नवव्या दिवशी जमलं. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी पाठीखालचा हात काढून घेतला आणि मला सांगितलंच नाही. मी तरंगत होते. कानात पाणी, वर पत्र्याचं छप्पर आणि एका झरोक्यातून आलेलं ऊन. मला काहीही ऐकू येत नव्हतं. माझ्या लग्नानंतरचं ते पहिलं अर्धं मिनिट असेल, ज्यात मी कशाकडेही कान लावून बसले नव्हते.

ओला कॉस्च्यूम वाळत घालण्यावरून मात्र कटकट झाली. मी हॉलच्या खिडकीतल्या दोरीवर घातला. नवरा संध्याकाळी आला आणि बूट काढायच्या आधी म्हणाला, “हे इथे नको. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं.” त्याच दोरीवर त्याच्या बनियनी होत्या. मी तो बाथरूमच्या दारामागे खिळ्याला लावायला लागले. तिथे तो कधीच नीट वाळायचा नाही. रोज सकाळी मी दमट, आंबूस कापड अंगावर चढवायचे. पाण्यात उतरलं की काही वाटायचं नाही.

मला शिकायला लागून तीन महिने झाले आणि नवरा रिटायर झाला. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. छान अक्षरात. मीठ, साखर, रवा, पोहे. ती लावताना त्याने डबे आपल्या पद्धतीने रचले, त्यामुळे डोळे मिटून हाताला लागणारी हळद मला शोधावी लागायला लागली. तक्रार केली तर म्हणाला, “लेबल वाच ना.” शाळेतल्या मित्रांचा त्याचा एक ग्रुप होता, त्यांना सगळ्यांना गोळा करून सहलीला न्यायचं त्याने मनावर घेतलं. सकाळी दहापासून त्याचे फोन चालायचे, स्पीकरवर, गॅलरीतल्या खुर्चीत बसून. मोठमोठ्याने हसायचा. त्याला इतकं हसताना मी फार कमी पाहिलं होतं, म्हणून मी काही बोलायचे नाही. माणसाला काहीतरी नाद हवा, असं मला खरंच वाटायचं.

तो घरी असल्यामुळे समोरच्या काकूंना मी सांगितलं, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल.

त्या दिवशी निघताना मी त्याला सांगितलं होतं, “साडेअकराला आईंना बाथरूमला न्यायचं असतं. त्या हाक मारतील. एकट्या उठू देऊ नका.” तो फोनवर नंबर शोधत होता. “हो हो. कळतं मला. माझी आई आहे ती.”

त्या दिवशी मी न थांबता तलावाच्या चार फेऱ्या मारल्या. मॅडम काठावरून बरोबर चालत होत्या. मी दांड्याला धरून धापा टाकत होते तेव्हा त्या वाकून म्हणाल्या, “ताई, सोमवारी तुमची डीपची टेस्ट घेऊ. पास झालात की खोल पाण्यात मोकळ्या.” खोल पाण्याच्या टेस्टला एक फेरी पोहायची आणि मग मध्यभागी कशालाही न धरता पाण्यात उभं राहायचं. बॅचमधल्या तिघी-चौघींनी पाण्यातच टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाली, पेढे आणा हां. मी हसत कपडे बदलायच्या खोलीत गेले, लॉकर उघडला आणि फोन पाहिला. नवऱ्याचे नऊ मिस्ड कॉल होते.

सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. मी घरी पोचले तेव्हा शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावलेली होती. परळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. वय, औषधं, किती वाजता पडल्या, सगळं विचारत होती. मग तिने विचारलं, “पडल्या तेव्हा घरी कोण होतं?”

नवरा म्हणाला, “घरात कोणीच नव्हतं.”

मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तो त्या मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघत होता. तिने लिहून घेतलं आणि ती गेली. माझ्या वेणीचं पाणी ब्लाउजच्या पाठीवर टपटपत होतं.

तासाभरात नणंद आली. तिने आईची चौकशी केली, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे वळली. केसांकडे बघून म्हणाली, “वहिनी, तुम्ही पोहायला गेला होतात?”

“हो.”

“आईला टाकून?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं वाटलं. तो म्हणाला, “ताई, आता इथे तमाशा नको. झालं ते झालं.” आणि पाण्याची बाटली आणायला खाली गेला.

मी तेव्हाच का नाही बोलले? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की उत्तर घासून गुळगुळीत झालंय. मला वाटलं, घाबरलाय. डॉक्टरसमोर तोंडातून काहीतरी निघून गेलं, घरी गेल्यावर, शांत झाल्यावर, बहिणीला नीट सांगेल. मी त्याला चार दिवस दिले, मग आठ, मग महिना. तोपर्यंत ती गोष्ट सगळ्या नातेवाइकांत फिरून आली होती. कोणाचाही फोन आला की मी आतून ऐकायचे, तो सांगत असायचा, “हो ना, ही पोहायला गेली होती आणि आई पडली.” त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण सासूबाई पुन्हा चालल्या नाहीत. सोमवारी मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही ताई, टेस्ट कधीही देता येईल, आधी घरचं बघा. कॉस्च्यूम धुऊन, पहिल्यांदाच हॉलच्या खिडकीत कडक वाळवून, घडी करून कपाटात ठेवला. त्या दिवशी त्याला कोणाची हरकत नव्हती.

पुढचं दीड वर्ष मी सासूबाईंचं सगळं केलं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी होता, घरात दुसरं कोणी करणारं नव्हतं. नवरा औषधं आणायचा, बिलं फाइलला लावायचा, संध्याकाळी आईजवळ बसून पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची. त्याला त्याची आई उघडी बघवायची नाही. मला बघवते की नाही, हे कोणी विचारलं नाही.

एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. नवरा मित्रांबरोबर सहलीला गेला होता, ती सहल शेवटी जमली होती. सासूबाई एकदम म्हणाल्या, “मी त्याला दोन हाका मारल्या होत्या.”

मी फणी मांडीवर ठेवली.

“तो गॅलरीत फोनवर हसत होता. मला वाटलं, हसतोय पोरगा, हसू दे. आपणच जाऊ हळूहळू.”

मी विचारलं, “आई, हे तुम्ही ताईंना सांगाल?”

“कशाला?” त्या म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या जरा बाजूला लागलेली असायची. “त्याला वाईट वाटेल. आधीच मनाला लावून घेतो तो. तुझं तसं नाही. तू घट्ट आहेस.”

मी उरलेले केस विंचरले आणि छोटीशी वेणी घालून दिली. त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. त्यांनी मला नीट बोलायला शिकवलं. पण त्या दुपारनंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. तेराव्याला सगळ्यांसमोर नणंद म्हणाली, “वहिनींनी शेवटी शेवटी खूप केलं हो आईचं.” शेवटी शेवटी.

पुढच्या वर्षी मुलाचं लग्न झालं. तो आणि सून ठाण्याला राहतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याची शुगर वाढली, गुडघेही दुखायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, चालण्यापेक्षा पोहणं चांगलं, गुडघ्यांवर भार येत नाही. तेच डॉक्टर, ज्यांनी मला सर्टिफिकेट दिलं होतं.

मग काय विचारता. मुलाने ऑनलाइन फॉर्म भरला. सुनेने भारीतला गॉगल आणि सिलिकॉनची टोपी मागवली. नणंदेने लांब पंचा दिला. पुरुषांची बॅच सकाळी सातची. मी सहाला उठून त्याच्यासाठी भिजवलेले बदाम आणि अर्धं केळं काढून ठेवायचे, कारण रिकाम्या पोटी पोहायचं नाही आणि भरल्या पोटीही नाही. आला की त्याला भूक लागायची. गरम थालीपीठ, वर लोणी. आणि त्याची ती निळी चड्डी हॉलच्या खिडकीतल्या दोरीवर, भर मध्यभागी. मी पहिल्या दिवशी तिच्याकडे बघत उभी राहिले होते. तो म्हणाला, “काय गं?” मी म्हटलं, “काही नाही. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतंय.” त्याला आठवलंच नाही. “दिसू दे की,” म्हणाला.

जेवताना तो मला पोहण्याबद्दल सांगायचा. पाण्यात श्वास कसा सोडायचा, पाय मांडीतून कसे मारायचे. मी पोळ्या लाटत ऐकायचे. एकदा म्हणाला, “तुला सांगून कळणार नाही, पण उताणं तरंगताना ना, एकदम शांत वाटतं.” माझ्या हातातली पोळी तव्यावर जळली.

सहा महिन्यांनी तो डीपची टेस्ट पास झाला. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुलगा-सून आले, नणंद आली. मी सुरमई तळली, सोलकढी केली. मुलाने फोनवर बाबांचा पाण्यातला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. नणंद म्हणाली, “कमाल आहे हो याची. या वयात! आई असती तर किती खूश झाली असती.”

सून मला वाढायला मदत करत होती. ती म्हणाली, “आई, तुम्हीपण जा ना. बाबा शिकवतील तुम्हाला.”

नवरा सुरमईचा काटा काढत म्हणाला, “हिलाही मध्ये हौस आली होती. चार दिवस गेली, मग दिलं सोडून. हिचं काही टिकत नाही.”

सून माझ्याकडे बघायला लागली. “आई, तुम्ही पोहायचात?” तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या हातात सोलकढीचं पातेलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं. माझा आवाज चढला नाही, उलट मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हळू आला.

“चार दिवस नाही, पाच महिने गेले. टेस्टला तीन दिवस राहिले होते. आणि मी सोडलं त्या दिवशी तुम्ही घरात होतात.”

“म्हणजे?” नणंद म्हणाली.

“म्हणजे आई पडल्या तेव्हा हे गॅलरीत फोनवर होते. आईंनी दोन हाका मारल्या. मला त्यांनी स्वतः सांगितलं. डॉक्टरांना हे म्हणाले, घरात कोणीच नव्हतं. मी शेजारी उभी होते, ताई. तुम्हीही तेच धरून बसलात इतकी वर्षं.”

मुलाने फोन उलटा करून ठेवला. नवऱ्याने ताटातला घास खाल्ला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “आता हे उकरून काय मिळणार आहे तुला?”

मी म्हटलं, “खोटं आहे का ते सांगा.”

“मी कुठे खोटं म्हणतोय?”

एवढंच. मला वाटलं होतं, हे वाक्य ज्या दिवशी ऐकेन त्या दिवशी काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. नणंदेचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, “वहिनी, आई गेली आता. तिच्याबद्दल हे आज, जेवताना, बोलायची गरज होती का?” म्हणजे आता चूक माझ्या वेळ निवडण्याची होती. तिने हात धुतले आणि मुलाने तिला टॅक्सीत बसवून दिलं. जाताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, तुझं बरोबर असेल, पण बाबांचा दिवस होता गं तो.” भांडी आवरताना सुनेने एकदाच विचारलं, “मग परत का नाही गेलात?” मला तिचाही राग आला. प्रश्न सरळ होता. सासूबाई गेल्यावर मला कोणी अडवलं नव्हतं. मी घरात बसून वाट बघत होते की कोणीतरी म्हणेल, जा आता. तसं कोणी म्हणत नाही.

नवरा आठ-दहा दिवस माझ्याशी बोलला नाही. पोहायला मात्र रोज गेला. बदाम त्याने स्वतः भिजवले.

मी परत गेले. कॉस्च्यूमचं इलॅस्टिक गेलं होतं, नवा घेतला. जुन्या मॅडम सोडून गेल्या होत्या. नवी मुलगी होती पंचविशीची. तिने मला पुन्हा दांडा धरून पाय मारायला लावलं. मी म्हटलं, मला येतं. ती म्हणाली, “मावशी, सगळ्यांना असंच वाटतं. आधी बघू दे.” दोन दिवसांनी तिने दांडा सोडायला सांगितलं. मला सगळं येत होतं, फक्त दम लगेच लागायचा. चार वर्षांत शरीर जड झालं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यासारखं झालं नाही. उताणी तरंगायला लागले की डोक्यात भांडण सुरू व्हायचं. त्याला काय म्हणायला हवं होतं, नणंदेला काय, सासूबाईंना त्या दुपारी काय. डोळे मिटले तरी माझी वाक्यं चालूच. कधी कधी भांडताना श्वास चुकायचा आणि नाकात पाणी जायचं. मी तरी जात राहिले. रागानेच जात होते, असं म्हणायला हरकत नाही.

दीड महिन्याने त्या मुलीने टेस्ट घेतली. एक फेरी पोहले, मध्यभागी जाऊन पाण्यात उभी राहिले. खाली पाय टेकत नव्हते, काठ लांब होता. तिने काठावरून घड्याळ बघितलं, अंगठा वर केला आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी बाकावर बसले आणि मला रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, अहो, पास झालात ना? मी मान हलवली. चार मिनिटांचं काम होतं ते.

घरी काही सांगितलं नाही. पण माझं कार्ड टेबलावर राहिलं होतं, त्यावर शिक्का होता. संध्याकाळी नवऱ्याने ते उचललं, चष्मा वर करून वाचलं.

“अरे वा. झाली टेस्ट? बोलली नाहीस.”

“सकाळी झाली.”

तो थोडा वेळ कार्ड हातात फिरवत उभा राहिला. मला वाटतं, त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्या दिवसाबद्दलही असेल. मी थांबून पाहिलं. मग तो म्हणाला, “रविवारी फॅमिली बॅच असते. दोघं मिळून जाऊ एकदा. मी तुला डीपमध्ये उडी मारायला शिकवतो.”

“नको,” मी म्हटलं. “रविवारी मला काम आहे.”

रविवारी मला काही काम नसतं, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. त्याने कार्ड होतं तिथे ठेवलं आणि टीव्ही लावला. मी आत जाऊन कुकर चढवला.